दिवसभर फसलेल्यांचे अर्ज घेते, रात्री ठगांचे सिनेमे पाहून हसते. असे का होत असावे?

काउंटरवाली, धरमपेठ

प्रश्न छोटा आहे, पण थोडे पाल्हाळ लावल्याशिवाय कळणार नाही.

मी बँकेत आहे. आधी कॅशला होते, आता ज्या टेबलावर बसते तिथे फसवणुकीच्या तक्रारी येतात. ओटीपी सांगितला, बनावट ॲप उतरवले, वीजबिल भरले नाही म्हणून आज रात्री लाइट कापतो असा मेसेज आला, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणून ‘डिजिटल अरेस्ट’ केली. माणसे येतात, खुर्चीवर बसायच्या आधी इकडेतिकडे पाहतात की कोणी ओळखीचे तर नाही ना. एक निवृत्त मास्तर तर बायकोला कळू नये म्हणून पासबुक शर्टाच्या आत, बनियनला चिकटवून घेऊन आले होते. घामाने पहिले पान ओले झाले होते. १९३० या नंबरवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, हे मी रोज सांगते. पण लोक यायलाच दोन-तीन दिवस लावतात. कारण एकच, लाज.

आणि हीच मी रात्री जेवणे आटोपल्यावर काय लावते? ‘बंटी और बबली’. ‘फिर हेरा फेरी’. पोट दुखेपर्यंत हसते. नवरा म्हणतो, ऑफिसचे काम घरी घेऊन आली का?

परवा ‘पेपर मून’ पाहिला. १९७३ चा, काळा-पांढरा. गावोगाव फिरून विधवांना बायबल विकणारा एक भामटा आणि त्याच्यासोबत एक लहान पोरगी. हे काम करणाऱ्या टेटम ओनीलला दहाव्या वर्षी ऑस्कर मिळाले. त्यात एक डाव आहे. आधी तो माणूस दुकानात वीस डॉलरची नोट मोडतो, त्या नोटेवर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिलेल्या असतात. थोड्या वेळाने पोरगी येते, पाचाची नोट देते आणि सुट्टे हातात पडल्यावर रडायला लागते की मी तर वीस दिले होते, माझ्या मावशीने वाढदिवसाला दिलेले, तिच्या अक्षरात लिहिले आहे त्यावर. गल्ला उघडून पाहतात तर नोट तिथेच!

आयुष्यातली कितीतरी वर्षे कॅशवर काढलेली बाई मी. मला गल्ल्यावर बसलेल्या त्या बाईची दया यायला पाहिजे होती. नाही आली. मी सरळ त्या पोरीच्या पार्टीत गेले.

तर हसू नेमके कशाचे येते? ‘फसणारा हावरट असतो म्हणून’ हे उत्तर कृपा करून देऊ नका. दुकानातली ती बाई कुठे हावरट होती?

---

पोट्टा मानेवाड्याचा

ताई, तुम्ही नाई म्हटलं तरी मी तेच म्हणीन. हावरटपणाच हाय बाप्पा!

‘फिर हेरा फेरी’त थोड्याच दिवसांत पैसे डबल. आता सांगा, इतक्या कमी दिवसांत कायचं डबल होते? पिकाचं होत नाई, व्याजाचं होत नाई. तरी राजू लोकायचे पैसे उचलून आणते अन् बिपाशा बसूच्या हाती देते. तिथं आपण हसतो, काऊन की आपल्याले आधीच मालूम हाय हा मरते म्हणून.

अन् आपल्या इकडे कमी हायेत का असे? पैशाचा पाऊस पाडणारे बाबा. तांदूळ ओढणारं भांडं, ज्याले राइस पुलर म्हणतात. दोन तोंडाचा मांडूळ, कोट्यवधी रुपयाचा. आमच्या वस्तीतल्या एका भाऊनं एकवीस नखांचं कासव शोधासाठी सुट्टी टाकली होती. नखं मोजून राह्यला होता गडी, नदीवर बसून. त्याले फसवला कोणी तर मी रडू का?

बाकी त्या दुकानातल्या बाईचं काय, ते मले नाई सांगता येत. काकाजी लोक सांगतील.

---

विंगेतून

काकाजी हजर आहेत.

ताई, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे आणि त्याचे उत्तर मी सिनेमातून नाही, नाटकातून देणार. माझा जन्म विंगेत गेला. नट मी कधी नव्हतो. राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्राची प्राथमिक फेरी असली की सायंटिफिक सभागृहात रंगमंचाच्या मागे जो माणूस खिळे तोंडात धरून नेपथ्याचे फ्लॅट ठोकताना दिसतो, तो मी. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून खुर्चीवर बसून दुसऱ्यांना ओरडतो.

माझे म्हणणे असे की ठगांचे विनोदी सिनेमे हे मुळात नाटक कंपनीचे सिनेमे असतात. चोरी त्यात नावाला. घड्याळ लावून पाहा, प्रत्यक्ष पैसे हातात येण्याला किती मिनिटे दिली आहेत आणि कपडे शिवणे, मिशा लावणे, खोटे लेटरहेड छापणे, ‘तू असे म्हण मग मी असे म्हणतो’ याला किती. ‘बंटी और बबली’त ताजमहाल विकला जातो. पण आठवते काय? वेशांतर. दर पंधरा मिनिटांनी दोघे नवीन माणसे होऊन येतात.

‘द स्टिंग’ कोणी पाहिला नसेल तर जरूर पाहा. तोही १९७३ चाच, सात ऑस्कर मिळालेला. पॉल न्यूमन आणि रॉबर्ट रेडफर्ड. काळ १९३६ चा, शिकागो. एका गुंडाला लुटायचे म्हणून हे लोक तळघरात घोड्यांच्या शर्यतीचा अख्खा सट्ट्याचा अड्डा उभा करतात. काउंटर, फळा, फळ्यावर आकडे लिहिणारा, टेलिग्राफच्या बातम्या वाचून दाखवणारा, पैसे लावायला आलेली गर्दी. सगळे नट! त्या गर्दीसाठी माणसे निवडतात तो प्रसंग पाहताना मला आमची पात्रनिवड आठवली. तसेच रांगेत उभे, तसेच ‘मागच्या वेळी कुठे केले होते काम?’ तीस-चाळीस माणसांचे नाटक आणि प्रेक्षक एकच, तो बकरा. त्यालाच फक्त ठाऊक नाही की पडदा वर गेला आहे.

हे काही पटकथाकाराने हवेतून काढलेले नाही. लुइव्हिल विद्यापीठातले डेव्हिड मॉरर नावाचे भाषेचे प्राध्यापक अमेरिकेतल्या ठगांची बोली गोळा करत फिरले आणि १९४० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढले. असे बनावट अड्डे खरोखर चालत. शर्यतीचा निकाल थोडा उशिरा जाहीर करायचा, बकऱ्याला वाटू द्यायचे की आपल्याला तो आधीच कळला आणि मग त्याला मोठी रक्कम लावायला लावायची. आणि सगळे झाल्यावर टोळीतलाच एक जण मागे राहायचा, बकऱ्याची समजूत काढायला. म्हणजे तो पोलिसांकडे जात नाही. तुमचे ते बनियनवाले मास्तर वाचून मला हाच माणूस आठवला. आता त्याची गरजच उरली नाही, त्याचे काम लाज फुकटात करते.

मुद्द्यावर येतो. नाटक पाहणारा समोर बसतो. ठगांचा सिनेमा पाहणारा मात्र विंगेत उभा असतो. आपल्याला सगळे माहीत असते: मिशी गोंदाने चिकटवलेली आहे, सूट भाड्याचा आहे, ‘साहेब’ म्हणून बसलेला माणूस काल भाजी आणत होता. आणि विंगेतल्या माणसाला जी धडधड असते ना, की आता हा वाक्य विसरला तर, ती धडधड आणि हसू एकाच नळाने येते.

एक प्रसंग सांगतो. सामाजिक नाटक, दुसरा अंक, टेबलावर टेलिफोन. घंटा वाजवायला एक नवीन पोरगा ठेवला होता. त्याचे लक्ष हिरॉइनच्या एन्ट्रीकडे. नटाने घंटेची वाट पाहिली, वाट पाहिली, शेवटी रिसीव्हर उचलून ‘हॅलो’ म्हणाला आणि तेव्हा घंटा वाजली. रिसीव्हर कानाला आणि फोन वाजतोच आहे! सभागृह एकदम गप्प. त्या नटाने रिसीव्हर कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “एक मिनिट थांबा हं, दुसऱ्या कोणाचा तरी फोन येऊन राहिला.” अशी टाळी पडली की पुढची दोन वाक्ये ऐकूच आली नाहीत. ठगांच्या सिनेमात आपण याच्यासाठी बसतो. डाव नीट जमला तर फार तर वाहवा म्हणू. तो फसता फसता सावरला पाहिजे.

‘गोलमाल’ पाहा, १९७९ चा. नोकरी टिकावी म्हणून अमोल पालेकर एक जुळा भाऊ पैदा करतो. एकाला मिशी, दुसऱ्याला नाही. उत्पल दत्तला मिशीवर श्रद्धा. संपूर्ण सिनेमा एका मिशीवर, म्हणजे नाटकाच्या भाषेत एका प्रॉपर्टीवर, उभा आहे.

आणि ‘खोसला का घोसला’बद्दल बोललो नाही तर पाप लागेल. दिबाकर बॅनर्जीचा पहिला सिनेमा, २००६, पटकथा जयदीप साहनीची. दिल्लीतल्या एका रिटायर माणसाचा प्लॉट बोमन इराणीने केलेला खुराना दाबून बसतो. पोलीस, वकील, ओळखीपाळखी, सगळे करून होते. शेवटी काय करतात? पोराच्या मैत्रिणीचा नाटकाचा ग्रुप बोलावतात! नवीन निश्चलने केलेला बापू, जन्मभर नाटक केलेला, तो जमिनीचा बडा मालक सेठी होतो. मत्स्य विभागाची सरकारी जमीन आपली म्हणून दाखवतात, खुरानाकडून बयाणा घेतात आणि त्याचेच पैसे त्याला देऊन आपला प्लॉट सोडवतात. एवढ्या मोठ्या खलनायकाला हौशी नाटकवाले चीत करतात, यापेक्षा गोड स्वप्न मला अजून पडलेले नाही. वर त्याला हिंदीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक. आम्हाला तर उत्तेजनार्थसुद्धा मुश्किलीने मिळायचे.

आता दुकानातली बाई. ताई, तुम्हाला तिची दया आली नाही कारण दिग्दर्शकाने येऊ दिली नाही. पोरगी दाराबाहेर पडली की कॅमेरा तिच्यासोबत बाहेर पडतो. संध्याकाळी गल्ला मोजताना पंधरा डॉलर कमी भरले तेव्हा ती बाई काय करते, हे दाखवले असते तर सिनेमा तिथेच विनोदी राहिला नसता.

‘श्री ४२०’ मध्ये राज कपूरने नेमके हेच दाखवले, १९५५ मध्ये. जोवर शेठ लोकांना टोप्या घालणे चालले होते तोवर मजा होती. मग शंभर रुपयांत घर देतो अशी योजना निघते आणि फूटपाथवरची माणसे एकेक रुपया जोडून आणतात. तिथून हसू बंद. नायकही बदलतो. (आणि ते कलम ४२० आता राहिले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८ मध्ये गेली. पण ‘हा पक्का तीनशे अठरा आहे’ असे म्हणायला नागपूरला अजून दोन पिढ्या लागतील.)

---

बेसा रोड

काका, तुमचे तालमीचे सगळे पटले, पण ‘खोसला’बद्दल मला भांडायचे आहे. तो आमच्या घरचा सिनेमा आहे.

नागपुरात प्रत्येक घरी एक प्लॉटची गोष्ट असते. आमची अशी: बाबांनी नव्वदच्या दशकात बेसाकडे एका लेआऊटमध्ये प्लॉट घेतला. पीएफमधून उचल केली होती. लेआऊटवाल्याचे ऑफिस म्हणजे टिनाची शेड, भिंतीवर नकाशा. नकाशात बगीचा हिरव्या स्केचपेनने रंगवलेला, देवळाला कळससुद्धा काढलेला. बाबा त्या देवळावर भाळले. पुढे कळले की आमचा प्लॉट नंबर आणखी दोघांना विकला आहे. त्या जागेवर आज कोणाचा तरी दुमजली बंगला आहे आणि आमच्याकडे पावत्यांची फाइल आहे. आरएल (प्लॉटचे रिलीज लेटर), रजिस्ट्री, हे शब्द मी पहाडे पाठ करायच्या वयात शिकले.

बाबा टीव्हीवर कोर्टाचा सीन आला तरी चॅनेल बदलतात. पण ‘खोसला’ लागला की बसतात. खुरानाच्या ऑफिसचा सीन आला की हमखास म्हणतात, “आपलावालाही असाच गोड बोलायचा, चहा पाजल्याशिवाय उठू देत नव्हता.” आणि ते खुराना फसतो तेव्हा हसत नाहीत, हे मी पाहिले आहे. ते हसतात त्या आधी, जेव्हा ही सगळी मंडळी घरी बसून योजना आखतात. पोरगा, त्याचे मित्र, नाटकवाले, सगळे एका खोलीत.

आमच्या लेआऊटमध्ये ते कधी झालेच नाही. प्लॉटधारकांची मीटिंग बोलावली की चार माणसे यायची, त्यातला एक लेआऊटवाल्याचा माणूस. ज्याला त्याला वाटायचे आपले तेवढे गुपचूप निघून येईल. म्हणून मला वाटते, बाबांना नाटक-बिटक दिसतच नाही. त्यांना दिसते की एका साध्या माणसासाठी इतके लोक जमले.

‘बंटी और बबली’ मात्र आमच्याकडे चालत नाही. त्या दोघांचे काही गेलेलेच नसते. उगाच मस्ती.

---

पोट्टा मानेवाड्याचा

ताई, तुमच्या बाबाले नमस्कार सांगजा.

काकाजी, एक विचारू का? ‘अशी ही बनवाबनवी’ ठगाचा पिच्चर हाय का नाई? आमच्या ग्रुपमंदी यावरून भांडण होऊन राह्यलं. मी म्हणतो हाय. दोघं बाया बनून खोटं बोलून खोली घेतात, मंग चारसौबीसच झाली ना!

---

विंगेतून

आहे! आणि मराठीतला अव्वल आहे. मूळ कथा हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या हिंदी सिनेमाची, पण १९८८ मध्ये सचिनने ती पुण्यात अशी काही मुरवली की मूळ कोणाला आठवत नाही. त्यात डाव कशासाठी? कोट्यवधींसाठी नाही. भाड्याच्या खोलीसाठी! मालकीणबाई जोडप्यांनाच जागा देते, म्हणून सचिन आणि लक्ष्या लुगडी नेसतात. विंगेतला माझा सिद्धांत इथे शंभर टक्के लागू: पदर, आवाज, चाल, आणि अशोक सराफ सतत प्रॉम्प्टिंग करतोय. तो नुसता डोळे मोठे करून समोरच्याला पुढचे वाक्य सुचवतो. आमच्याकडे असा प्रॉम्प्टर असता तर नाटके अंतिम फेरीला गेली असती.

आणि तुझी हावरटपणाची थिअरी इथे आपटते. मालकीणबाई हावरट नाही, दुष्ट नाही. तिचे नुकसानही काही नाही.

बेसा रोडवाल्या बेटा, तू म्हणतेस ते मला सुचले नव्हते. पण मी त्यालाही नाटकच म्हणेन. हौशी नाटकात पैसे नसतात, लोक कशाला येतात? ऑफिस सुटल्यावर उपाशीपोटी एका खोलीत जमायलाच. तुझ्या बाबांना घेऊन ये एकदा तालमीला. प्लॉटबद्दल कोणी एक शब्द काढणार नाही.

---

काउंटरवाली, धरमपेठ

सगळ्यांचे आभार. आज टेबलावर बसल्या बसल्या काकांचे विंगेतले डोक्यात घोळत होते.

पहिले म्हणजे, कॅश शॉर्ट आली की ती खिशातून भरावी लागते. त्या बाईने ते पंधरा डॉलर भरले असणारच. आता तो सिनेमा पुन्हा लावला तर मी हसेन की नाही, सांगता येत नाही.

दुसरे, डिजिटल अरेस्टवालेही सेट लावतात हो! मागे पोलीस ठाण्याचा पडदा, अंगावर वर्दी, टेबलावर झेंडा, बाजूला वायरलेसचा आवाज. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योजकाला तर व्हिडिओ कॉलवर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी दाखवली आणि सात कोटी काढले. म्हणजे नेपथ्य, वेशभूषा, पात्रे, सगळे तुमच्यासारखेच. फरक इतकाच की पहिले वाक्य असते, ‘कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कोणाला सांगायचे नाही.’ सिनेमात आपण टोळीसोबत असतो. इथे टोळी तिकडे आणि माणूस बेडरूमचे दार लावून एकटा. बेसा रोडवाल्या ताईंनी लिहिले ते वाचून हे नीट दिसले.

आता स्वार्थाची गोष्ट. शाखेतर्फे ज्येष्ठ नागरिकांसाठी जनजागृतीचा कार्यक्रम घ्यायचा आहे. आतापर्यंत आम्ही प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवतो आणि पहिल्या रांगेतले आजोबा घोरतात. काका, पंधरा मिनिटांचे एखादे नाटुकले बसवून द्याल का? पैसे नाहीत, समोसे आहेत.

---

विंगेतून

देतो ना. पण माझ्या अटी ऐका. नाटुकले विनोदी होईल. शेवटी कोणी माइकवर येऊन ‘सावध राहा’ म्हणणार नाही; आजोबांना ते घरी रोज सून सांगते. प्रेक्षकांना आपण विंगेत बसवू: खोटा इन्स्पेक्टर वर्दी घालतो, पडदा सरळ करतो, आतला जण त्याला नाव पाठ करून देतो, हे सगळे आधी उघड दाखवायचे. मग फोन लागेल. आणि फोन ज्याला लागतो त्या पात्राने प्रेक्षकांत बसायचे, पहिल्या रांगेत, घोरणाऱ्या आजोबांच्या शेजारी. त्याला ‘कोणाला सांगू नका’ म्हटले की शेजारचे आजोबा गप्प बसतात का ते पाहू.

---

पोट्टा मानेवाड्याचा

काकाजी, खोट्या इन्स्पेक्टरचा रोल मले पाह्यजे. मिशी माझी सोताची हाय.

---

विंगेतून

मिशीवाल्याला कोणीही पोलीस समजेल, त्यात तुझे काय कर्तृत्व? तू फोन उचलणारा. ‘खोसला’त सगळ्यात अवघड काम बोमन इराणीचे होते, हे ध्यानात ठेव: पूर्ण भरवसा बसलेला माणूस दाखवायचा आणि मूर्ख दिसायचे नाही. शनिवारी सहानंतर ये. चहा पिऊन ये, तालमीला चहा मिळत नाही.